उलट वाचलेली आई

१२ मार्च

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

तुझ्या कादंबरीची प्रुफं तपासून पाठवतोय. पानं लालेलाल झालीत, घाबरू नकोस. लेखकानं व्याकरणाचे नियम मोडावेत अशी हल्ली टूम निघालीय. पण नाचता येईना, अंगण वाकडं!

माझी सवय तुला माहीत आहेच. प्रुफं तपासताना पान शेवटच्या शब्दापासून उलटं वाचायचं. गोष्टीत गुंतलं की डोळे चुका गिळतात.

ताई, तुझी आई, गेल्यानंतर तुला रागवायला मीच उरलोय. तेव्हा लोभ असू दे आणि धाकही.

तुझा,
मामा

१६ मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पानं मिळाली. आधी चिडले, मग रडले. तुम्ही आईलाच सुधारलंत, मामा! ती म्हणायची, ‘भूक लागली असेल ना, बस, ते ताट, अगं पंखा तरी’. तुम्ही केलंत, ‘तुला भूक लागली असेल. बस, मी ताट वाढते.’ आपल्या घरात असं कधी कोणी बोललंय का?

नियम मलाही कळतात, तुम्हीच कान पिळून शिकवलेत. पण तिचा आवाज आता मला नीट आठवत नाही हो. या पानांवर तेवढा उरलाय. छपाई थांबवलीय. पानं परत पाठवतेय, एकदा सुरुवातीपासून वाचा, मग म्हणाल ते ऐकेन.

रुसले असले तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
खारुताई

२१ मार्च

चि. खारुताईस,
अ. उ. आ.

सुलट वाचलं, ओट्याशी उभं राहून, मोठ्यानं. तुझी मामी बाहेरच्या खोलीतून धावत आली आणि वन्संसारखं कोण बोलतंय म्हणून विचारू लागली. मग दोघंही तिथंच बसून रडलो. लाल खुणा सगळ्या रद्द. माझी मतं बदललेली नाहीत हं, नियम हवेतच. ते ताईला लागू नव्हते, इतकंच.

एक नवी दुरुस्ती मात्र केलीय. शेवटच्या पानावर, दवाखान्यात, ती म्हणते, ‘मी समाधानानं जाते आहे, तू काळजी करू नकोस.’ वाक्य निर्दोष आहे, म्हणूनच ते तिचं नाही. आपण दोघंही होतो तिथं. ती म्हणाली होती, ‘अगं जेवलीस का, आणि मामाला पण, त्याला’. पुढचं मी रोज मनात पूर्ण करून पाहतो, जमत नाही. तसंच छाप.

लोभ ठेव, आणि वेळेवर जेवत जा.

तुझा,
मामा