दोन रात्रींसाठी

ग्वातेमाला शहर
१२ ऑक्टोबर १९९६

प्रिय निकोताई,

तुला, दाजींना, आईला नमस्कार आणि पोरांना पापा. सगळी बरी असाल. आम्ही दोघी बऱ्या आहोत. फोन करणार होते, पण आपल्या गावातला फोनवाला भोंग्यावरून नाव पुकारतो आणि मग अर्धं गाव तुझ्या पाठीमागं येऊन उभं राहतं. म्हणून हे कांदेवाल्या इसाबेलबाईबरोबर पाठवतेय. माझी तिसरीपर्यंतची शाळा, तेव्हा लिहिण्याला हसू नकोस.

सर्व संतांच्या दिवसाला गावी येईन म्हणते. मालकीणबाईंनी सुट्टी दिलीय. दोनच रात्री हं. पहाटेची बस धरली की वारा सुटायच्या आत पानाहाचेलला लाँच मिळते. दुपारच्या लाँचमध्ये मी पोरीला घेऊन बसायची नाही, तळ्याचं मला किती भ्या वाटतं तुला माहितेय. बाबांच्या कबरीला चुना लावायचा राहिला असला तर राहू दे, मी आल्यावर लावीन.

एक काम कर. धक्क्यावर येताना तुझं एक नेसूचं आणि आपल्या गावचं पोलकं घेऊन ये. इथं मालकीणबाई झगाच घालायला लावतात. आईनं तशी बघितली तर म्हणेल, "ही कोण बाई आली गं?" मी धक्क्यामागं बदलीन.

एलूविया दीड वर्षाची झाली. काळा घेवडा कुस्करून दिला की खाते, अंडं तोंडात धरत नाही. मक्याची पेज कोमटच लागते, गरम असली की भांडं उडवते. डावा कान चोळला की झोपते. रात्री एकदा उठते, तेव्हा दिवा लावायचा नाही, नुसतं "आहे, आहे" म्हणायचं. मारकुटी नाही. तुझ्या पोरांच्यात मिसळून जाईल.

पायावर तिच्या थोडं लाल आहे. इथं डास फार आहेत. आईला काही बोलू नकोस.

तुझी
रोसेंदा


ग्वातेमाला शहर
२० ऑक्टोबर

निकोताई,

इसाबेलबाईनं तुझा निरोप दिला. दिला कसला, कांद्याच्या पोत्यावर चढून ओरडली, "ए रोसेंदा! तुझी बहीण विचारते, दोन रात्रींसाठी कान डावा का उजवा कशाला सांगतेस? म्हणाली, माझी तीन पोरं मी काय दगडावर आपटून वाढवली?" सगळा बाजार हसला. मीही हसले. मग पोरीला घेऊन बाजारातल्या संडासात गेले आणि दार लावून रडले.

तू ओळखलंच आहेस असं धरून लिहिते. मी तिला घेऊन येणार होते आणि जाताना एकटी जाणार होते. तुला न सांगता. ती झोपलेली असताना, पहाटेच्या लाँचनं. तुम्हाला वाटलं असतं, धुणं घेऊन तळ्यावर गेली असेल. असं मी ठरवलं होतं, सख्ख्या बहिणीला फसवायचं.

पोर चालायला लागली तशा मालकीणबाई म्हणाल्या, "लेकरू खाली दिसता कामा नये. जमत नसेल तर आत्ताच सांग." जमत नाही कुणाला सांगू? तिचा बाप किनाऱ्याकडे ऊस तोडायला गेला तो गेलाच, हे तुला ठाऊकच आहे. आमची खोली गच्चीवर. गच्चीला कठडा नाही. मी खाली फरशा पुसत असायची, ती वर एकटी.

मी तिला पलंगाच्या पायाला बांधत होते, ताई. आईनं विणून दिलेल्या माझ्या कमरेच्या पट्ट्यानं. ते डास नाहीत. पट्टा मऊ आहे, त्यानं काही होत नाही, असं मी मलाच सांगायची.

मागच्या महिन्यात गारा पडल्या. खोलीवर पत्रा आहे. खाली पाहुणे जेवत होते, मला वर जाता येईना. कॉफी वाढत होते आणि वर पत्रा नुसता फुटल्यासारखा वाजत होता. एक पाहुणी म्हणाली, "काय मजा वाटते नाही गारांची?" मी म्हणाले, "हो बाई." गेले तेव्हा पोर पलंगाखाली, पट्टा ताणलेला, डोळे उघडे. रडत नव्हती. तेव्हापासून रडतच नाही. पडली तरी नाही. मला "आई" म्हणायची, तेही बंद झालं.

आणि तिथंच मी चुकले. लेकरू दचकलं की आपण त्याच जागी भुईवर हात आपटून त्याच्या नावानं हाक मारतो की नाही, त्याचा जीव तिथं मागं राहू नये म्हणून. मी काय केलं, तर आधी पट्टा लपवला. कुणी वर येऊन बघेल म्हणून. हाक मारायचं सुचलंच नाही. बऱ्याच दिवसांनी सुचलं, तेव्हा मारली. शेजारच्या गच्चीवर अंपारो कपडे वाळत घालत होती. म्हणाली, "काय गं, कुत्रं हरवलं का?" तरी मारली. रोज मारते. पोर नुसती माझ्याकडे बघते. मला वाटतं, जिनं बांधलं तिच्या हाकेला जीव येत नाही.

आता बांधत नाही. पाठीला घेऊन फरशा पुसते. मालकीणबाईंनी परवा बघितलं. म्हणाल्या, "सुट्टीवरून येशील तेव्हा एकटीच ये."

आईला सांग सगळं. ती माझं तोंड बघणार नाही, तरी सांग. पट्टा तिनं विणलाय, तिला कळायला पाहिजे.

तू ठेवून घेशील का तिला? नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही, तुझीच तीन आहेत. मग मी काय करीन ते मला माहीत नाही. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, मीच घाबरलेय. इसाबेलबाईबरोबर नुसतं हो की नाही एवढंच कळव, बाकी तिला कशाला.

हो म्हणालीस तर मी पहाटे पळणार नाही. उजेडी लाँचनं जाईन, पोर जागी असताना, तिला दिसेल अशी. लाँच सुटली की तिला घेऊन धक्क्यावर खाली बस, फळीवर हात आपट आणि मोठ्यानं हाक मार, "एलूविया, ये, घरी चल." माझ्यामागं तिचा जीव पाण्यावरून येता कामा नये. त्या वेळेला मी तिचं नाव घेणार नाही. फारच वाटलं तर शाल तोंडात धरीन.

आणि ती रडली तर तिला गप्प करू नकोस. रडू दे. मला लाँचमध्ये ऐकू येऊ दे.

पाया पडते.

एलूवियाची आई,
रोसेंदा