घुमटावरचे दिवे

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

अनुदानाच्या मंजुरीचं पत्र मिळालं. दुर्बिणीच्या आरशावर नवा मुलामा चढणार म्हणून आम्ही वेधशाळेत अक्षरशः नाचलो. मग दुसरं पान वाचलं. घुमटावर चारी बाजूंनी प्रखर दिवे, 'जनतेस विज्ञान दिसावे म्हणून'! अगं, दिवे लागले की आकाश दिसत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं.

तुझे साहेब मागे भरदुपारी आले होते. दुर्बिणीला डोळा लावला, तारे दिसेनात, तर म्हणाले यंत्र बिघडलंय. मग विचारलं, याचा लोकांना उपयोग काय? मी म्हणालो, तुमचा जेवढा आहे तेवढा. उद्धटपणा झाला का, हे दोन दिवस स्वतःला विचारलं. नाही झाला.

जुना आरसा काळवंडतोय. वर्षभरात माझ्या अंधुक दीर्घिका दिसेनाशा होतील. तुझ्याच खात्याची फाइल आहे, दिवे तेवढे वगळ. आईच्या गुडघ्यांचं कळव.

तुझ्या मायेचा हक्काने गैरफायदा घेणारा,
धाकटा

९ फेब्रुवारी

चि. शहाण्यास,
अ. आ.

तुझं उत्तर साहेबांनी मला शब्दशः ऐकवलं, सगळ्यांसमोर. दिवे माझीच कल्पना. प्रत्येक बैठकीत 'पोटाला काय?' ऐकून कान किटले होते. दिवे म्हटल्यावर मंडळी जागी झाली: लांबून दिसेल, फोटो निघतील! असल्यांच्या हाती तुमचं विश्व आहे, आणि तुम्ही विद्वान त्यांच्याशी दोन वाक्यं धड बोलत नाही. वेधशाळा बंद पडण्यापेक्षा उजळलेली बरी.

वगळता येणार नाहीत. घ्यायचं तर सगळं, नाहीतर सगळं परत. लवकर कळव. आईचे गुडघे तुझ्यापेक्षा समजूतदार, डॉक्टरांचं ऐकतात.

रागावले तरी तुझीच,
ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

मी तोऱ्यात बोलतो, हे खरं. तू माझ्यासाठी त्या लोकांत बसलीस, तेही विसरत नाही. तरी परत कर. काळवंडल्या आरशाने ठळक तारे तरी टिपता येतील. दिव्यांत तेही नाहीत. दीर्घिकांचं काम उरल्या वर्षात पुरं होणारं नाही, म्हणून आजच बंद केलं. सहकाऱ्यांना सांगितलं.

दिवे तुमच्या कचेरीवर लावा. तिथून कुणाला काही बघायचं नसतं. हे वाक्य खोडावं का, बराच विचार केला. खोडत नाही. साहेबांना वाचून दाखव.

पैसे परत जाऊ देत, लोभ तेवढा तुझ्याकडेच ठेव.
धाकटा