घासलेली ताटली

पूर्णा, ४ बहमन १३५३ फसली (डिसेंबर १९४३)

रेल्वे इंजिनांच्या धुराची काजळी किती पडते ते मोजायला महिन्यापूर्वी गंगाबाईंच्या माळवदावर पांढरी ताटली ठेवली होती. आज आणायला गेलो, तर लख्ख!

"लय काळी झालती, साहेब. दुसऱ्याचं भांडं तसंच कसं द्यावं? राखेनं घासली."

अख्ख्या गल्लीसमोर ओरडलो मी त्या म्हातारीवर. ती पदर तोंडाला लावून खोकत ऐकत होती. मी आपला ताटलीच नाचवतोय.

धुरानं छाती बिघडते का, हे शोधायला नेमलंय मला. आणि कधीपासून खोकताय, एवढंही विचारलं नाही? लाज वाटते.

निघताना तीच म्हणाली, "दुसरी ठिवा, साहेब. आता हात न्हाई लावत."

एवढं बोलायलाही तिला मधे थांबून श्वास घ्यावा लागला.