दिनूकडचं पाणी

१७ ऑगस्ट १९५३

जुलैची बाटली आली! अप्पांनी स्टेशनवरून आणली आणि नेहमीप्रमाणे न बोलता माझ्या टेबलावर ठेवली. संस्थान विलीन झाल्यावर अप्पांनी धाकट्या दिनूसाठी नव्या सरकारात जागा बघून ठेवली होती. ती लाथाडून हा मालवणजवळच्या एका गावात मास्तरकी करायला गेला. तेव्हापासून अप्पा त्याचं नाव घेत नाहीत. पार्सल सोडवायला मात्र दुसऱ्या कुणाला पाठवत नाहीत!

दिनूला पत्र लिहायचा भारी कंटाळा. दर महिन्याला समुद्राच्या पाण्याची एक बाटली, वर गावाचं नाव आणि महिना — हीच त्याची खुशाली. मला ती हवी असते त्यातल्या निळ्या-हिरव्या शेवाळासाठी. समुद्रात त्याच्या किती जाती, कुठली कुठल्या ऋतूत येते आणि कधी जाते, हा माझा प्रबंध. इंदुरात बसून समुद्रावर प्रबंध! कॉलेजात सगळे हसतात. पण पोरीला एकटीला किनाऱ्यावर कोण जाऊ देणार? म्हणून दिनू.

आज थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घातला आणि बघतच राहिले. ट्रायकोडेस्मियम! गवताच्या पेंढ्यांसारख्या बारीक जुड्या. समुद्रावर त्याचा थर आला की लाकडाचा भुसा सांडल्यासारखा दिसतो म्हणे, म्हणून दिनू त्याला भुसाच म्हणतो. हा माघ-फाल्गुनात येतो, चैत्र सरला की जातो. मे-जूनच्या बाटल्यांत होता, तेव्हा वाटलं, यंदा लांबला. पण भर पावसात? गेल्या वर्षीच्या जुलैत नुसता नदीचा गाळ होता. हे काहीतरी नवीन आहे.

१८ ऑगस्ट

रात्री झोपच आली नाही. आनंदाने!

३० ऑगस्ट

आईला बरं नाही. गेल्या थंडीपासून छातीचं दुखणं. अंथरुणातून उठली की धाप लागते. डॉक्टरांनी अप्पांना आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, “माताजी को कोई सदमा नहीं लगना चाहिए. दिवाली देख लें तो बहुत है.” अप्पा मान हलवत राहिले. 

नवीन बाटली आली की ती आधी आईच्या उशाशी जाते. हळद-कुंकू वाहते ती तिला. मी म्हटलं, आई, त्यात पाणी टिकवायचं औषध आहे, वासाने मळमळेल. तर म्हणते, झाकण कशाला उघडू? माझा दिनू खुशाल आहे एवढं कळलं, झालं.

१९ सप्टेंबर

ऑगस्टची बाटली. पुन्हा भुसा! तितकाच दाट. आमचे सर दोनदा डोळा लावून बघून गेले. म्हणाले, सगळी पुस्तकं पाऊस पडला की हे नाहीसं होतं म्हणतात, तुम्ही काय घेऊन बसलात बाई! चेष्टेत म्हणाले, पण खूश होते. निबंध छापायला पाठवू म्हणाले.

आज आईसाठी सराफ्यातल्या हलवायाकडून रबडी आणली. दोन चमचे खाल्ली तिने.

१७ ऑक्टोबर

सप्टेंबरची बाटली. आता मात्र शंका आली.

या पाण्यात शिंपल्यांची पिल्लं असतात, डोळ्यांना न दिसणारी. मेच्या बाटलीत मी त्यांची चित्रं काढली होती. जूनच्या, जुलैच्या, सगळ्या बाटल्या आज ओळीने लावल्या. पिल्लं तेवढीच. त्याच वयाची. पाच महिन्यांत एकही वाढलेलं नाही. गाळाचा कण नाही. भुशाच्या जुड्याही त्याच लांबीच्या.

सरांना दाखवलं. त्यांनी सगळ्या बाटल्यांचे थेंब पुन्हा बघितले. मग म्हणाले, “सुलोचनाबाई, हे एकाच दिवसाचं पाणी आहे.”

१८ ऑक्टोबर

सगळं मुसळ केरात. गधा! आळशी! एका सकाळी समुद्रावर गेला, सगळ्या बाटल्या भरून ठेवल्या, आणि आता महिन्याला एक धाडतो. वर लेबलं कशी व्यवस्थित, वळणदार अक्षरात! बहिणीचं वर्ष वाया गेलं तरी याला काय त्याचं. तरी बरं, निबंध अजून पाठवला नव्हता.

चांगलं चार पानी पत्र लिहिलं त्याला. तोंडाला येईल ते. शेवटी लिहिलं, दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः येते आणि तुझा कान धरून समुद्रात उभी राहते. अप्पांना पेटीत टाकायला दिलं. त्यांनी पत्ता वाचला आणि पाकीट खिशात घातलं.

१९ ऑक्टोबर

लिहवत नाही. पण दुसऱ्या कुणाशी बोलू?

संध्याकाळी अप्पा म्हणाले, चल, पाय मोकळे करून येऊ. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंत, राजघराण्याच्या त्या समाध्यांपर्यंत गेलो. तिथे पायरीवर बसले आणि माझं पत्र खिशातून काढून माझ्या हातात दिलं. पेटीत टाकलंच नव्हतं.

दिनू गेला. एप्रिलमध्येच. विषमज्वर. दिनू अत्यवस्थ आहे अशी शाळेच्या हेडमास्तरांची तार आली ती अप्पांच्या हातात पडली. आम्हाला सांगितलं पेन्शनीच्या कामाला ग्वाल्हेरला जातो, आणि गेले मालवणला. पोचले तेव्हा दिनूच्या अंगात जीव होता. त्याने ओळखलं. अप्पा त्याच्याशी काय बोलले ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. अग्नी त्यांनीच दिला.

खोली आवरताना बाटल्या सापडल्या. एप्रिलपासून डिसेंबरपर्यंतच्या. दिनूने लेबलं आगाऊ चिकटवून ठेवली होती, तळाशी औषधही घालून ठेवलं होतं. पाणी तेवढं भरायचं राहिलं होतं. अप्पांनी समुद्र पहिल्यांदाच बघितला होता. सगळ्या बाटल्या घेऊन गेले आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक भरली. त्या आपल्या पेटीत लपवून घरी आणल्या, आणि दर महिन्याला एक स्टेशनवरून आणल्यासारखी काढून देतात.

“तुझ्या आईने एका बाटलीवर महिना काढते असं सांगितलं होतं मला,” म्हणाले. “सोचलं, जितके दिवस तिचे आहेत तितके निघून जातील. तुला सांगितलं असतं तर तू तिच्यासमोर रडल्याशिवाय राहिली असतीस का?” मग म्हणाले, “आपण इकडची माणसं, बेटा. समुद्राला पण मौसम असतात, हे मला कुठे मालूम होतं?”

मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच धरला असेल.

आणि मी ऑगस्टमध्ये आनंदाने जागी राहिले होते. माझा भाऊ जळून गेल्यानंतरचं ते पाणी.

२० ऑक्टोबर

आता सगळं आठवतंय. एप्रिलात ग्वाल्हेरहून आल्यावर अप्पांनी बरेच दिवस देवांना हात लावला नव्हता. पाठ धरलीय, वाकवत नाही म्हणाले. पूजा मला करायला लावली. एकट्याने सुतक पाळत होते घरात! आणि मी, सुतकातली बहीण, रोज देव पुसत होते.

२१ ऑक्टोबर

न्हाणीघरात बादली भरायला लावते आणि रडते. पाण्याच्या आवाजात ऐकू जात नाही.

२ नोव्हेंबर

सरांना सांगितलं, भावाकडून चूक झाली. त्यांनी पुढे विचारलं नाही. मेपासूनच्या बाटल्या प्रबंधातून काढल्या. एप्रिलची ठेवली. ती तेवढी खरी आहे, महिना बरोबर आहे तिच्यावर.

८ नोव्हेंबर, भाऊबीज

ज्यांचा भाऊ दूर असतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. मी तबक घेऊन अंगणात निघाले तर आईने हाक मारली. “चंद्राला कशाला गं? त्याने पाठवलेलं पाणी आहे की घरात.”

ऑक्टोबरची बाटली अप्पांनी काल आणली होती. पाटावर ठेवली. मी तिला कुंकू लावलं, सुपारी फिरवली, ओवाळलं. आई उशीला टेकून बघत होती आणि हसत होती. अप्पा भिंतीकडे तोंड करून उभे होते. 

१२ डिसेंबर

आईने दिवाळी बघितली. नुसती बघितली नाही, दिवाळीला चकल्या का कमी केल्या म्हणून आज मला रागावली! डॉक्टरांनी तपासून म्हटलं, चमत्कार आहे. धाप पुष्कळ कमी झालीय, रंग आलाय चेहऱ्यावर. अप्पा दारापर्यंत डॉक्टरांना पोचवायला गेले ते बराच वेळ आत आले नाहीत.

मला आनंद होतो आणि भीती वाटते. दोन्ही एकदम होतं.

१६ जानेवारी १९५४

डिसेंबरची बाटली आईच्या उशाशी ठेवली. अप्पांच्या पेटीत आता काही उरलं नाही. मी त्यांना विचारलं, पुढे काय? म्हणाले, मला सुचत नाही, तू शिकलेली आहेस, तू सांग.

२४ जानेवारी

आई आज कुणाचा हात न धरता ओट्यापर्यंत चालत आली. डॉक्टरांनाच विचारून ठेवलंय तिने — होळीनंतर आगगाडीचा प्रवास चालेल म्हणाले. मला म्हणाली, ट्रंक काढ, बाप नाही बोलत तर न बोलो, मी जाते दिनूकडे.