धुतलेला दगड

१२ जून २०००, सोमवार
वैशालीचा आलेख पाहिला. माझ्याकडे पीएच.डी. करणारी ही वर्ध्याची मुलगी तेलविहिरीतल्या वालुकाश्माचे बोटभर तुकडे घेते, त्यांत पाणी सोडते आणि पाण्यानं किती तेल बाहेर ढकललं ते मोजते. जवळजवळ सगळं निघालंय. फार देखणा आलेख. म्हणूनच शंका येते.

१३ जून
शंका खरी. न धुतलेल्या दगडाच्या खपलीवर पाण्याचा थेंब ठेवला. गोल, टम्म बसून राहिला. वैशालीनं टोल्युइन या तेल विरघळवणाऱ्या द्रावकानं धुतलेल्या तुकड्यावर ठेवला, तर लगेच आत. मूळ दगड तेलाला धरून असतो. खाली विहिरीत पाणी मधूनच निघून जाईल, तेल कणांना चिकटून मागंच. हिनं इतकं मनापासून धुतलं की दगडाचा स्वभावच गेला.

१४ जून
सांगितलं. रडली नाही.
"म्हणजे आख्खा चॅप्टर गेला नं, मॅडम?"
म्हटलं, गेला नाही, अर्धा झाला. दुसरा अर्धा म्हणजे तुकडे पुन्हा त्याच विहिरीच्या तेलात बुडवून, गरम ओव्हनमध्ये कित्येक आठवडे मुरवायचे. आणि तिला तर हिंजवडीच्या कंपनीत तीन जुलैला रुजू व्हायचंय. बाबा फोनवर म्हणाले म्हणे, "काय करून राहिली तू तिथं? दगडं किती दिवस धुशील?"
सांगताना हसली.

१६ जून
विभागप्रमुख: "अहो बाई, दगड थांबतात, मुली थांबत नाहीत. आहे तेच छापून टाका."
नाही म्हटलं.

२ जुलै, रविवार
तुकडे ओव्हनमध्ये. वैशाली कसब्यातल्या खोलीवरून मुद्दाम बघायला आली. थांब म्हणावंसं फार वाटलं. पण तिच्या वयात मला कुणी असं नोकरीला बोलावलं असतं तर? गेलेच असते.

११ ऑगस्ट, शुक्रवार
मुरवलेल्या तुकड्यात आज पाणी सोडलं. दुपारी तिचा फोन, कंपनीतून, जेवणाच्या सुट्टीत.
"पाणी पलीकडच्या टोकाला कधी आलं, मॅडम?"
"लगेच. तेल बरंच मागं राहिलंय."
मग, "खरं निघालं नं." आवाजात आनंद होता की दुसरंच काही...
हा भाग तिनंच लिहायला हवा. बोलले नाही.
प्रयोगशाळेची एक किल्ली अजून तिच्याकडेच आहे. तिनं परत केलेली नाही, मीही मागितलेली नाही.