उजेडाचा रेटा

३ नोव्हेंबर १९७५, पूर्णा

केशरनं आजही पेज थुंकली. डॉक्टर म्हणतो घशात काही नाही, पोटात काही नाही. मग आहे कुठं? गीता काविळीनं गेली त्या दिवसापासून हिचं अन्न तुटलं. मुलगी माझीही होती. मी जेवतो ना!

५ नोव्हेंबर

लोको शेडमध्ये भुजंग, सगळ्यांदेखत — "काय फिटरसाहेब, तुमचं कृष्णविवर आज काय जेवलं?" लय हसले. हसू द्या. मॅट्रिक नाही मी, पण डिक्शनरी घेऊन ग्रहताऱ्यांचं इंग्रजी मासिक ओळ न् ओळ लावतो. त्यांनी एक ओळ लावून दाखवावी!

७ नोव्हेंबर

उलगडलं! कोट्यवधी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर भोवतालचा वायू गिळत वाढतं. भुजंगला वाटतं, येईल ते सरसकट ओढतं. चूक. आत पडता पडता वायू तापतो, लखलखतो — आणि तो उजेडच मागून येणाऱ्या वायूला बाहेर रेटतो. फार घाई झाली की येणारा घास परत! म्हणून वजन दुप्पट व्हायला साधारण तीन कोटी वर्षं. आकडा दोनदा करून पाहिला.

सांगू कुणाला? गीतानं पेन्सिल हिसकावून तिसऱ्यांदा केला असता.

केशरला सांगायला बसलो. तिनं भिंतीकडं तोंड केलं.

१० नोव्हेंबर

तिची बहीण सरजाबाई सोनपेठहून आली आहे. तिच्यासमोर ओरडलो आज. चमचा ओठाला लावून — "गिळ! गिळून तर बघ!" दातावर वाजला चमचा. केशर रडलीसुद्धा नाही.

सरजाबाई म्हणाली, "दाजी, तुमी टक लावून बसताव. हरेक घासाला बघायलाव. असं कोन जेवंल?"

"मी नाही तर कोण बघणार?"

"कुनीच नगं. जरा सोडा की तिला."

मला शिकवते!

११ नोव्हेंबर

हिला गीताकडंच जायचंय. मी मागं राहीन, हे मनातसुद्धा येत नाही हिच्या.

१३ नोव्हेंबर

परभणीला इंजिन बंद पडलं म्हणून मला तिकडं पाठवलं. दिवस तिथंच गेला. परतलो तर सरजाबाई दारातच — "खाल्लं की ओ दाजी! अर्धी भाकर, दुधात कुस्करून. आपल्या हातानं!"

आत गेलो. केशरच्या हातात ताटली होती, अजून घास उरलेला. मला पाहिलं. ताटली खाली ठेवली. हात धुतला.

१५ नोव्हेंबर

मनमाडला बदली मागितली. एकट्यानं जाईन.