रेघेपर्यंतच

४ तारीख, सोमवार

आलो एकदाचे घरी! तान्ह्या लेकीसाठी, आमच्या पिटुकलीसाठी, दोन महिने दवाखान्यात खुर्चीवर बसून झोपा काढल्या, आता आपली दोन खोल्यांची जागा. तळमजला, दवाखान्यापासून दोन स्टॉप. रंगाचा वास जात नाहीये, पण मला तोही आवडला. आईने आधीच येऊन झाडून-पुसून ठेवलेलं. ती ब्लाउज शिवते, म्हणून शिलाई मशीनही घेऊन आलीय. म्हणाली, तुझं कफ ओढायचं एक मशीन, माझं एक मशीन, बघू कोण जास्त घुरघुरतं. हे हसून हसून बेजार.

वही सिस्टरने दिली. कफ किती वेळा ओढला, रंग कसा, ते लिहायचं. मी म्हटलं, मी जेमतेम पाचवी. ती म्हणाली, लिहिता येतं ना, मग झालं. मी बाकीचंही लिहिणार. कोण विचारतंय!

५ तारीख, मंगळवार

सिस्टर घरी येऊन सगळं मांडून गेली. पिटुकलीच्या गळ्याला भोक पाडून छोटी नळी बसवलीय, तिचा श्वास तिथूनच. कफ साठला की घुरघुर सुरू. मग मशीन चालू करायचं, दुसरी बारीक लांब नळी गळ्याच्या नळीतून आत सोडायची. बाहेर काढताना या बारीक नळीच्या मशीनकडच्या टोकाला भोक आहे, त्यावर अंगठा दाबायचा म्हणजे कफ ओढला जातो. पाच म्हणायच्या आत बाहेर.

किती आत घालायची, त्यालाच जपायचं. बारीक नळीवर आकडे नाहीत. म्हणून सिस्टरने आतल्या खोलीत भिंतीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि मापून पेनाने रेघ मारली. दर वेळी नळीचं टोक पट्टीच्या वरच्या कडेला लावायचं, खाली रेघेपाशी नळी चिमटीत धरायची, तेवढीच आत. पुढे गेलीस तर आतून सोलून निघेल, म्हणाली.

पिटुकली रडते तेव्हा आवाज येत नाही. तोंड उघडतं, लालबुंद होते, नुसती हवा. म्हणून कोणीतरी सारखं बघत राहायला लागतं. आई म्हणते, तू पड जरा, मी आहे ना.

आज नऊ वेळा. पांढरा.

८ तारीख, शुक्रवार

हे ट्रक घेऊन गेले, सहा दिवसांनी येतील. जाताना ओट्यापाशी आईशी बराच वेळ कुजबुज. मी गेले तर दोघं गप्प. आई म्हणाली, काही नाही गं, जावयाच्या शर्टाचं माप घेत होते.

पिटुकली आज हसली. आवाजाशिवाय हसणं कसलं गोड दिसतं.

अकरा वेळा. पांढरा, पातळ.

१० तारीख, रविवार

कफात लाल धागा दिसला. दोऱ्याएवढा. सिस्टरला फोन केला. ती म्हणाली, रेघेपुढे जात नाहीस ना? मी म्हटलं, रेघेपर्यंतच जाते. म्हणाली, मग हात हलका ठेव.

हलका ठेवला. तरी संध्याकाळी परत लाल.

आई म्हणाली, तुझे डोळे बघ, खड्ड्यात गेलेत.

१२ तारीख, मंगळवार

मशीनची बाटली गुलाबी झालीय. नळी आत गेली की पिटुकली धनुष्यासारखी ताठ होते. माझ्याकडे बघते. दुसरीकडे कुठे नाही, माझ्याकडेच. आज एकदा जांभळी पडली, पाठ चोळल्यावर परत आली.

सिस्टरला फोन केला. बाळाला घेऊन उद्या दुपारी ये, म्हणाली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, कशाला त्या लेकराची ओढाताण करतेस, जे व्हायचं ते घरात होऊ दे.

असं का बोलली?

१३ तारीख, बुधवार, सकाळ

पट्टीचा कोपरा सुटला होता. नीट लावायला म्हणून उचलला. खाली भिंतीचा रंग उडालेला, पापुद्रा निघून आलेला. सिस्टरने तर एकदाच लावली होती. मग ती ओढून काढून ही दुसरी कोणी लावली?

मग रेघ बघितली. सिस्टरने उभ्याने मारलेली, वाकडी आली होती. ही सुतासारखी सरळ. अशा रेघा मी जन्मापासून बघतेय, कापडावर.

त्याच सकाळी, थोड्या वेळाने

आईला विचारलं. वाटलं, वेडी झालीस का म्हणेल. खडसावेल.

तिने शिवण बाजूला ठेवली. म्हणाली, तू तेवीस वर्षांची आहेस. म्हणाली, ती अशीच राहणार, तू मात्र जळून जाशील. माझं लेकरू तू आहेस, ती नाही.

मी ह्यांना फोन लावला. रडत रडत सगळं सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, आईंनी सांगितलं का तुला?

फोन हातातून पडला. आईने उचलून घेतला, देतच नाही. बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कुंपणच शेत खातं म्हणतात—

पिटुकलीला आणि मशीनला घेऊन आतल्या खोलीत आलेय. कडी लावलीय.

अकरा वाजले असतील

खिडकीच्या गजांतून हाका मारल्या. समोर वेल्डिंगचं दुकान, ग्राइंडर चालू. कोणी बघत नाही.

सिस्टर, वही तुम्हीच वाचाल. मी रेघेपुढे एकदाही गेले नाही. एकदाही नाही. माझ्याच हाताने— पण रेघेपर्यंतच.

नंतर

घुरघुर सुरू झाली.

नळी हातात आहे. धरू कुठे? खरी रेघ किती वर होती? दोन बोटं? तीन? मी तेव्हा नुसती रेघ बघायचे, दुसरं काही बघितलंच नाही. कमी घातली तर कफ येत नाही. आत्ता थोडी घातली. नाही आला.

आई दाराशी आहे. हळू आवाजात बोलतेय, मी लहान असताना बोलायची तशी. उघड गं बाळा, मला माहीत आहे खरी रेघ कुठे होती, मी दाखवते. पोटच्या पोरीशी खोटं बोलेन का.

ओठ जांभळे. माझ्याकडेच बघतेय.

परत घातली. थोडी जास्त. 

आई, शपथ घे. आधी शपथ घे, आई, माझी शप